थेमिस्टोक्लीस: अथेन्स वाचवणाऱ्याच्या नावाने खापर का?

चिंचगुळ

नमस्कार मंडळी,

सध्या हिरोडोटस (प्राचीन ग्रीक इतिहासकार) वाचतेय. रोज रात्री दहा पानं, त्यातली चार झोपेत. आठव्या भागात आले आणि एका माणसापाशी अडकले: थेमिस्टोक्लीस. (थेमिस्टोक्लिस, थेमिस्टोक्लीज, थेमिस्तोक्लेस यांपैकी मराठीत काय लिहायचं ते जाणकारांनी सांगावं. मी आपलं जिभेला जमेल ते लिहिलंय.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सिस अवाढव्य फौज घेऊन ग्रीसवर चालून आला. थर्मोपिलीची खिंड पडली, अथेन्सकरांनी बायकापोरांसह शहर रिकामं केलं, पर्शियनांनी अक्रोपोलिस (शहरातली देवळांची टेकडी) जाळलं. आणि मग सलामिस बेटालगतच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत ग्रीक आरमाराने पर्शियन आरमाराची दाणादाण उडवली. हा सगळा डाव या माणसाचा.

पुढे दहा वर्षं होतात न होतात तोच अथेन्सकरांनी मतदान घेऊन त्याला शहराबाहेर काढलं. मग देशद्रोहाचा आरोप, मग पळापळ, आणि शेवटी हा गृहस्थ जाऊन बसला कुठे? तर झर्क्सिसच्या मुलाच्या पदरी! जहागीर घेतली आणि तिथेच मेला.

तर प्रश्न असा: हा देश वाचवणारा की विकणारा? आणि अथेन्सकरांनी त्याला हाकललं ते योग्य केलं का?

शेंगदाणा

बसलो. कोणीतरी पॉपकॉर्न आणा.

नाखवा

ताई, सलामिसपासून सुरुवात करू नका, लॉरियनपासून करा.

लॉरियन म्हणजे अथेन्सच्या दक्षिणेकडच्या चांदीच्या खाणी. इ.स.पू. ४८३च्या आसपास तिथे घबाड लागलं. सरकारी खजिन्यात इतकी चांदी आली की प्रत्येक नागरिकाला दहा दहा द्राक्मा (चांदीची नाणी) वाटायचं ठरत होतं. हा उठला आणि म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. कशासाठी? पर्शियाचं नाव काढलं असतं तर लोक हसले असते, पर्शियन लांब होते. त्याने नाव घेतलं एजिनाचं. हे बेट अथेन्सच्या समोरच, निरभ्र दिवशी किनाऱ्यावरून दिसतं, आणि दोघांचं जुनं वैर. शेजाऱ्याचा काटा काढायला म्हटल्यावर हात वर झाले. हिरोडोटस दोनशे जहाजं म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरच्या ग्रंथात आकडा शंभर आहे: शंभर श्रीमंतांना एकेक टॅलेंट (सुमारे २६ किलो) चांदी द्यायची, प्रत्येकाने एक जहाज बांधून दाखवायचं.

आता जहाजाचं गणित बघा. ट्रायरीम म्हणजे तीन मजली वल्ह्यांचं गलबत. वरच्या रांगेत ६२, मधल्या आणि खालच्या रांगेत ५४-५४, एकूण १७० वल्हेकरी, माणशी एक वल्हं. वर सैनिक, सुकाणूवाला वगैरे धरून दोनशे डोकी. दोनशे जहाजांना चाळीस हजार माणसं! एकट्या अथेन्सला पुरेनात म्हणून वीस जहाजं खाल्किसच्या लोकांना चालवायला दिली, आणि समुद्राचा गंध नसलेल्या प्लाटियाकरांनाही वल्ह्यावर बसवलं.

मी तीस वर्षं बोटीवर काढली. नवख्या माणसाला बोटीवर उभं राहायला शिकवायलाच महिना जातो. या माणसाने दोन-अडीच वर्षांत शेतकऱ्यांच्या गावाचं आरमार केलं. बाकी त्याने काहीही खाल्लं असेल, मला माफ आहे.

फालतू_लॉजिक

म्हणजे खात्यात जमा होणारे पैसे त्याने लोकांच्याच मतांनी रद्द करवले? आणि तरी पुढचं मतदान जिंकला? देवमाणूस. आमच्या सोसायटीत दिवाळीचे पाचशे रुपये जिन्याच्या रंगाला वळवले तर सेक्रेटरीला लिफ्टमध्ये कोणी घेईना.

अर्धवटराव

नाखवा काका, "काहीही खाल्लं असेल" म्हणालात म्हणून सांगतो, काय खाल्लं त्याचा हिशोबच उपलब्ध आहे.

सलामिसच्या आधी आर्टेमिसियमला आरमार उभं होतं. ग्रीक सरदार पळ काढायच्या बेतात. समोरच्या युबिया बेटावरचे लोक घाबरले, त्यांनी थेमिस्टोक्लीसला तीस टॅलेंट दिले की बाबा, थांबवा यांना. याने त्यातले पाच दिले स्पार्टाच्या युरिबियाडीसला (तो सरसेनापती), तीन दिले कोरिंथच्या आडिमांटसला. दोघांनाही वाटलं पैसे अथेन्सकडून आलेत. आणि उरलेले?

तीस वजा आठ. करा हिशोब.

शेंगदाणा

बावीस टॅलेंट "किरकोळ खर्च" 😂

चिंचगुळ

हो, हे वाचताना मी झोपेतून जागी झाले होते. पण गंमत बघा, लाच घेऊन केलं काय तर जे करायला हवं होतं तेच. आरमार थांबलं, लढलं.

अर्धवटराव

हेच तर. चोर, पण कामाचा. आपल्याकडे अशांना "खातो पण करतो" म्हणतात आणि पुन्हा निवडून देतात.

आजी_ऑनलाइन

मुलांनो, जरा दमानं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सवयीने विचारते: हे सांगतंय कोण?

हिरोडोटस लिहीत होता तेव्हा या गोष्टीला चाळीस-पन्नास वर्षं झाली होती. अथेन्समध्ये त्याला ज्या मोठ्या घरांतून माहिती मिळाली असावी, त्यांतल्या बऱ्याच घरांचं थेमिस्टोक्लीसशी वाकडं. चरित्रकार प्लूटार्क तर पाचशेहून जास्त वर्षांनी. त्याच्याकडे सुरस गोष्टी भरपूर, पण किती मुरलेल्या आणि किती शिळ्या ते आपण ठरवायचं. थुसिडिडीस हा दुसरा ग्रीक इतिहासकार मात्र सहसा कोणाचं कौतुक करत नाही, आणि तो या माणसाबद्दल लिहितो की अभ्यास नाही, शिकवण नाही, तरी ऐन प्रसंगी काय करावं हे उपजत बुद्धीने ओळखण्यात याच्यासारखा दुसरा नाही. बावीस टॅलेंटच्या शेजारी हेही मांडा.

शिवाय आई अथेन्सची नव्हती, कोणी थ्रेसची म्हणतात तर कोणी कारियाची. जुन्या सरदार घराण्यांतला नव्हे. अशा माणसाचे पैसे जास्त मोजले जातात, हे मला शाळेच्या स्टाफरूममध्ये चांगलं कळलं.

नाखवा

आजी, दंडवत.

तुमच्या त्या प्लूटार्कमधलं "मार, पण ऐक" सांगा की. युरिबियाडीसने काठी उगारली तेव्हाचं.

आजी_ऑनलाइन

तुम्हीच सांगितलंत की आता! सलामिसला थांबायचं की मागे कोरिंथच्या संयोगभूमीकडे सरायचं, यावर भांडण चाललेलं. हा मागे हटेना म्हणून स्पार्टनाने काठी उचलली. हा शांतपणे म्हणाला, मार, पण ऐक. शाळेत ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलं पुढचे आठ दिवस एकमेकांना हेच म्हणायची.

त्याच बैठकीत आडिमांटस म्हणाला, ज्याला गाव उरलं नाही त्याने बोलू नये. त्यावर याचं उत्तर: दोनशे सज्ज जहाजं आहेत तोवर आमचं गाव तुमच्यापेक्षा मोठं आहे. आणि धमकी दिली की ऐकत नसाल तर आम्ही सगळे बिऱ्हाड उचलून इटलीत सिरिसला जाऊ. तेव्हा युरिबियाडीस वरमला.

मागे_बसलेला

आणि तरीही रात्री पुन्हा कुजबुज सुरू झालीच. मग त्याने मुलांच्या शिकवणीला ठेवलेल्या सिकिनसला होडीत घालून थेट पर्शियन छावणीत धाडलं. निरोप असा: माझा मालक राजाच्या बाजूचा आहे, ग्रीक पळून जायच्या बेतात आहेत, आत्ताच कोंडा. पर्शियनांनी रातोरात दोन्ही तोंडं अडवली. ग्रीकांना पळायला वाटच उरली नाही, लढावंच लागलं.

सकाळी झर्क्सिस डोंगरउतारावर आसन मांडून बसला होता. त्याला आपल्याच जहाजांची अडगळ दिसली. चिंचोळ्या जागी पुढचं वळतंय, मागचं आदळतंय.

नाखवा

वाऱ्याचं राहिलं. प्लूटार्क म्हणतो की रोज ठराविक वेळेला खुल्या समुद्रावरून वारा येऊन सामुद्रधुनीत लाटा उठायच्या, ती वेळ होईपर्यंत हा थांबला. ग्रीक जहाजं बसकी, त्यांना काही झालं नाही. पर्शियनांकडची उंच बांध्याची, ती आडवी झाली आणि बाजू उघडी पडली. ट्रायरीमला तोंडाशी कांस्याचं टोक असतं, ते बाजूत घुसवायचं हीच लढाई. लाट कधी उठते हे कोणत्याही कोळ्याला विचारलं तर सांगेल. सरदारांना विचारायचं सुचत नाही.

फालतू_लॉजिक

मला एक कळलं नाही. सिकिनसने शत्रूला खोटं सांगितलं म्हणता. पण ग्रीक खरंच पळणार होते ना? मग निरोप तर खराच होता!

मागे_बसलेला

अगदी इथेच बोट ठेवलंत. युद्ध फिरलं असतं तर तोच निरोप याची ओळखचिठ्ठी ठरला असता. लढाईनंतर त्याने आणखी एक निरोप धाडला: हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवरचे (तुमच्या परतीच्या वाटेवरचे) पूल तोडायला निघालेल्या ग्रीकांना मी थांबवलं, आता सुखाने घरी जा. पूल न तोडण्याचा निर्णय इतरांनीच घेतला होता. याने त्याचं श्रेय राजाच्या खात्यात जमा करून ठेवलं. पंधरा वर्षांनी झर्क्सिसचा मुलगा अर्टाझर्क्सिस याच्याकडे गेला तेव्हा तेच काढून दाखवलं: तुमच्या घराण्याचं माझ्याइतकं नुकसान कोणा ग्रीकाने केलं नाही, पण उपकारही माझ्याइतके कोणाचे नाहीत.

शेंगदाणा

मुदत ठेव.

दरबारी_कानडा

महाराजांच्या आग्र्याच्या सुटकेशी तुलना होऊ शकेल का? तेही असंच…

चिंचगुळ

कृपया नको. मागच्या धाग्यावर अशीच तुलना सुरू झाली आणि संपादकांनी कुलूप लावलं. ग्रीसमध्येच राहू या.

दरबारी_कानडा

बरं. मग ग्रीसमधलंच विचारतो. युद्धानंतर सरदारांनी बक्षिसासाठी मतं टाकली म्हणतात, ती काय भानगड?

आजी_ऑनलाइन

छान आठवण केलीत. संयोगभूमीवर सगळे जमले, सर्वांत पराक्रमी कोण आणि दुसरा कोण, अशी दोन मतं प्रत्येकाने द्यायची. पहिलं मत प्रत्येकाने स्वतःलाच दिलं. दुसरं बहुतेकांनी थेमिस्टोक्लीसला. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, पण निकाल लागायचा तो लागला. स्पार्टाने मात्र बोलावून ऑलिव्हची माळ घातली, रथ दिला आणि तीनशे निवडक जवान सीमेपर्यंत सोडायला पाठवले.

पाटीवाला

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण ताईंच्या शीर्षकातला "खापर" शब्द त्यांनी मुद्दाम टाकलाय की नकळत, कोण जाणे.

ग्रीकमध्ये फुटक्या मडक्याच्या तुकड्याला ऑस्ट्राकॉन म्हणतात. म्हणजे खापर! वर्षातून एकदा सभेत विचारायचे, यंदा कोणाला हाकलायचं आहे का? हो म्हटलं तर पुढे बाजारचौकात मतदान. प्रत्येकाने खापरीवर नाव कोरून टाकायचं. निदान सहा हजार खापऱ्या पडल्या पाहिजेत. ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचं, दहा वर्षं परत यायचं नाही. खटला नाही, आरोप नाही, मालमत्तेला हात नाही. दहा वर्षांनी येऊन आपल्या घरी राहा.

म्हणजे अथेन्समध्ये "खापर फोडणे" हा वाक्प्रचार नव्हता, प्रक्रिया होती.

शेंगदाणा

या वाक्याला माझ्याकडून एक अख्खं मडकं.

चिंचगुळ

नकळत हो! शपथ. नशिबाने जमलं.

फिरस्ती

आम्ही दोन वर्षांपूर्वी अथेन्सला गेलो होतो. अगोराच्या (त्याच जुन्या बाजारचौकाच्या) संग्रहालयात या खापऱ्या काचेत ठेवल्यात. मुलगी कंटाळून "दगड काय बघायचेत" म्हणत होती. तिला सांगितलं की ही कोणाला तरी वर्गाबाहेर काढायची मतपत्रिका आहे, तर अर्धा तास हलेना.

केरामेइकोसलाही (अथेन्सची जुनी दफनभूमी) गेलो, तिथे जुन्या तटाचे अवशेष आहेत. त्याची गोष्ट मला फार आवडली. पर्शियन गेल्यावर अथेन्सकर तट बांधायला लागले तर स्पार्टाचा विरोध. हा स्वतः वकील म्हणून स्पार्टाला गेला, जाताना सांगून गेला की बायकामुलांसकट सगळ्यांनी कामाला लागा, हाताला येईल ते रचा. तिकडे जाऊन रोज नवी सबब. सोबतचे यायचेत, ते आले की बोलू. तट पुरेसा उंच झाल्यावर म्हणाला, आता बोला. घाईत थडग्यांवरचे दगडही तटात घातले होते, आणि त्या तटातून निघालेली शिल्पं तिथल्या संग्रहालयात आहेत. पूर्वजांच्या थडग्यांवर शहर उभं करून आला आणि स्पार्टनांशी नजर मिळवून बोलला!

अर्धवटराव

तट बांधला ते ठीक. पण मग खापर का फुटलं? इतका कामाचा होता तर?

पाटीवाला

कारण तो स्वतः विसरू देत नव्हता. घराजवळ आर्टेमिसचं देऊळ बांधलं आणि देवीला नाव दिलं "सर्वोत्तम सल्ला देणारी". सल्ला कोणाचा ते कळलंच सगळ्यांना. वर लोक कुरकुरले की विचारायचा, त्याच माणसांकडून पुन्हा पुन्हा भलं झालं तर थकता का?

शिवाय वैरी होतेच. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत त्याच्या नावाच्या १९० खापऱ्या सापडल्या आणि अक्षरं तपासली तर लिहिणारे हात जेमतेम चौदा! म्हणजे कोणीतरी आधीच लिहून गठ्ठा तयार ठेवला होता, मतदारांच्या हातात द्यायला.

फालतू_लॉजिक

बोगस मतपत्रिका, इ.स.पू. आवृत्ती.

आजी_ऑनलाइन

बोगसच म्हणता येणार नाही हो. लिहिता न येणारे असतीलच की. अ‍ॅरिस्टायडीसची गोष्ट आठवा. त्याला "न्यायी" म्हणायचे, थेमिस्टोक्लीसचा जुना प्रतिस्पर्धी. इ.स.पू. ४८२ला त्याच्यावर मतदान चालू असताना एका खेडवळ माणसाने न ओळखता त्याच्याच हातात खापरी दिली: यावर अ‍ॅरिस्टायडीस लिही. त्याने विचारलं, त्याने तुझं काय वाईट केलं? तो म्हणाला, काही नाही, मी ओळखतही नाही, पण जिथे जावं तिथे "न्यायी, न्यायी" ऐकून कान किटले. याने निमूटपणे स्वतःचं नाव लिहून दिलं. आणि सलामिसच्या आदल्या रात्री पर्शियनांनी कोंडी केल्याची खबर थेमिस्टोक्लीसला आणून दिली ती याच माणसाने.

डॉ_गुळवेल

अवांतर. त्याने बैलाचं रक्त पिऊन आत्महत्या केली असं बरेच ठिकाणी लिहितात. ताजं रक्त प्यायल्याने माणूस मरत नाही, फार तर पोट बिघडेल. थुसिडिडीस सरळ म्हणतो की आजाराने गेला, विषाची गोष्ट काहीजण सांगतात. वय प्लूटार्कच्या म्हणण्यानुसार ६५. त्या काळात ६५ला आजाराने मरायला बैल लागत नाही.

अर्धवटराव

पण आत्महत्येची गोष्ट पसरली कारण ती सोयीची. राजाने ग्रीसवर चढाई करायला सांगितलं, याने देशाविरुद्ध हत्यार उचलण्यापेक्षा मरण पत्करलं. म्हणजे शेवटच्या पानावर पुन्हा हीरो.

चिंचगुळ

मग देशद्रोहाचा आरोप खरा की खोटा? तेच तर विचारलं होतं, आपण बैलापर्यंत पोचलो!

मागे_बसलेला

क्रम लक्षात घ्या. खापर फुटलं तेव्हा (साधारण इ.स.पू. ४७१) देशद्रोहाचा आरोप नव्हता. हा आर्गोसला राहत होता. स्पार्टाचा सेनानी पौसानियस पर्शियाशी संधान बांधताना सापडला, आणि स्पार्टाने अथेन्सला कळवलं की थेमिस्टोक्लीसही त्यात आहे. कळवणारे कोण? ज्यांना याने तटाच्या वेळी मूर्ख बनवलं तेच. हा पळाला तो निकालाला घाबरून. आधी केर्किरा, मग मोलोसियनांचा राजा अ‍ॅडमेटस. त्याच्याशी जुनं भांडण, तरी याने त्याच्याच मुलाला उचलून चुलीपाशी बसकण मारली. तिथल्या रिवाजाप्रमाणे अशा शरणागताला हाकलता येत नाही. मग पिडना, तिथून बोट. वादळाने बोट नॅक्सॉसला गेली, तिथे अथेन्सचंच आरमार वेढा घालून बसलेलं! त्याने तांडेलाला सांगितलं: मी कोण ते सांगतो, पकडून दिलंस तर म्हणेन की लाच घेऊन तूच मला नेत होतास. बोट रात्रभर बाहेर झुलत राहिली.

नाखवा

त्या तांडेलाची अवस्था मला कळते.

मागे_बसलेला

राजाकडे पोचल्यावर वर्षभराची मुदत मागून फारसी शिकला. मग मिळाली तीन गावं: भाकरीसाठी मॅग्नेशिया (वर्षाला ५० टॅलेंट उत्पन्न), दारूसाठी लॅम्प्साकस, आणि कालवणासाठी मायुस. तिसऱ्यासाठी ग्रीक शब्द "ऑप्सॉन", भाकरीशी लावून खायचं ते. आपला "कालवण" यापेक्षा चपखल शब्द नाही.

मॅग्नेशियात त्याने स्वतःच्या नावाची चांदीची नाणी पाडली. त्यांतली काही मुलाम्याची निघाली आहेत, आत हलका धातू, वर चांदी.

अर्धवटराव

बावीस टॅलेंटवाला माणूस बदलला नाही तर! 😂

शेंगदाणा

लॉरियनची चांदी असती तर ही वेळ आली नसती.

आजी_ऑनलाइन

चिंचगुळ, तुझ्या दोन प्रश्नांपैकी माझं एकावरच मत आहे. पर्शियाला जाणं हा त्याचा बेत नव्हता, ग्रीसमध्ये दार उरलं नव्हतं म्हणून तो गेला. आणि राजाने दिलेलं खाल्लं तरी ग्रीसविरुद्ध फौज घेऊन आला नाही, हे त्याच्या शत्रूंनाही नाकारता आलेलं नाही. हाकललं ते योग्य का, हे मला सांगता येत नाही. रोज शेजारी राहणाऱ्या हुशार माणसाचा किती कंटाळा येतो ते त्या आळीतल्यांनाच ठाऊक.

चिंचगुळ

खरं सांगू का, आजी? तुमचं वाचल्यावर वाटलं, मी तिथे असते तर त्याला देश वाचवणारा म्हटलं असतं आणि खापरीवर नावही लिहिलं असतं. देवळापर्यंत चालवून घेतलं असतं, पण "थकता का?" ऐकल्यावर नाही.

सगळ्यांचे आभार. पण पहिल्या कंसातल्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही! नाव कसं लिहायचं?

फिरस्ती

थांबा, अगोरातल्या खापऱ्यांचे फोटो काढलेत. तुम्ही अक्षरं मोठी करून बघा. त्यातल्या पुष्कळ जणांनी चक्क "थेमिस्थोक्लेस" लिहिलंय. मधला "ट" नाही, "थ"!

नाखवा

त्याच्या गाववाल्यांनीच तसं लिहिलं असेल तर आपण कोण. ताई, शीर्षक बदला.

चिंचगुळ

संपादनाची मुदत संपली 😭